चिपीची धावपट्टी आणि प्रवासाची वहिवाट

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट दिसतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या जलदुर्गाचा पाया घातला. जागेची निवड किती विचारपूर्वक झाली होती, हे आजही पाहणाऱ्याच्या लक्षात येते. भोवतालच्या खडकांमुळे परक्या जहाजाला तेथे सहज पोहोचता येत नाही. चहूकडे खारे पाणी असूनही बेटावर गोड पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ही त्यांची नावे मालवणात लहान मुलांनाही पाठ असतात. तट एकदा बांधला की उभा राहतो, पाणी मात्र रोज लागते. किल्ला टिकतो तो या रोजच्या पाण्यावर.

याच मालवणपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, कर्ली खाडीच्या दक्षिणेस, चिपी-परुळे येथील जांभ्या दगडाच्या सड्यावर सिंधुदुर्ग विमानतळ उभा आहे. वेंगुर्ले तालुक्यातील हा विमानतळ एका बाजूने मालवण व तारकर्लीला, तर दुसऱ्या बाजूने वेंगुर्ले व कुडाळला जवळचा आहे. धावपट्टी झाली, प्रवाशांसाठी इमारतही झाली. येथे विमान रोज, ठरल्या वेळी आणि पुढील वर्षीही येईल, असा भरवसा मात्र अजून निर्माण व्हायचा आहे. व्यापारी घराण्यांना या प्रश्नाचे मर्म लगेच कळेल. दुकानाची इमारत उत्तम असली, पण ते आज उघडे आणि उद्या बंद असेल, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरते आणि मग सहसा परत येत नाही.

वेंगुर्ल्याचा जुना धडा

या किनाऱ्याने असा अनुभव पूर्वी एकदा घेतलेला आहे. वेंगुर्ले हे जुने व्यापारी बंदर. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. एकोणिसाव्या शतकात आंबोलीच्या बाजूने घाटरस्ता झाल्यावर बेळगाव आणि त्यापलीकडील मुलखाचा माल बैलगाड्यांतून वेंगुर्ल्यास उतरू लागला. घाटमाथ्यावरून कापूस व धान्य खाली येई, तर किनाऱ्यावरून मीठ, नारळ आणि मुंबईहून आलेला माल वर जाई. बंदरात गलबतांची दाटी असे आणि पेढ्यांवर हुंड्यांचे व्यवहार चालत.

पुढे १८८० च्या दशकात गोव्यातील मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले. वेंगुर्ल्याचा धक्का होता तेथेच राहिला आणि घाटही तोच राहिला. परंतु रेल्वेने माल अधिक खात्रीने, अधिक मोठ्या प्रमाणावर आणि बाराही महिने जाऊ लागल्यावर व्यापाऱ्यांनी आपली वाट बदलली. वेंगुर्ल्याचा वरघाटी व्यापार ओसरला तो बंदर मोडले म्हणून नव्हे. शेजारी अधिक भरवशाची सोय झाली, हे त्याचे कारण होते.

त्यानंतरही अनेक वर्षे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी कोकणी माणसाला गावी आणत. पावसाळ्यात त्या बंद असत. रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव पोहोचली आणि आगबोटींचा काळ संपला. कोकण रेल्वेमुळे कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी ही स्थानके मुंबईशी थेट जोडली गेली आणि जानेवारी १९९८ मध्ये तिचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्गला देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले होते. विमानतळाची कल्पना या दोन घटनांच्या पार्श्वभूमीवर रुजली. पर्यटनाचा जिल्हा असेल तर दूरचा पाहुणा तेथे थोड्या वेळात पोहोचला पाहिजे, असा त्यामागचा सरळ विचार होता.

सड्यावरील विमानतळ

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पुढाकाराने आणि खासगी भागीदारीतून हा विमानतळ बांधण्यात आला. धावपट्टीची लांबी २,५०० मीटर आणि रुंदी ४५ मीटर आहे. मध्यम आकाराचे जेट विमानही येथे उतरू शकते. सप्टेंबर २०१८ मध्ये गणेश चतुर्थीच्या तोंडावर चाचणीचे पहिले विमान उतरले. त्यानंतरही परवाने आणि अपुऱ्या राहिलेल्या सोयी यांत तीन वर्षे गेली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन होऊन मुंबईची सेवा सुरू झाली. सत्तर आसनांचे एटीआर जातीचे विमान दिवसातून एकदा येऊन परत जाऊ लागले. रस्त्याने किंवा रेल्वेने आठ ते दहा तास घेणारा प्रवास सुमारे दीड तासावर आला. वेंगुर्ल्यात जन्मलेले आणि १९५७ पासून अखेरपर्यंत राजापूर मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव या विमानतळाला देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने पुढे घेतला.

या वास्तूकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र असे दिसते. उभारणीचा खर्च पाचशे कोटी रुपयांहून अधिक सांगितला जातो. उदाहरणादाखल पाचशे कोटींच्या भांडवलावर सालिना आठ टक्के व्याज धरले, तर केवळ व्याजच वर्षाला चाळीस कोटी, म्हणजे दिवसाला जवळजवळ अकरा लाख रुपये होते. दिवसातून एक विमान येऊन गेले आणि जाता-येता दोन्ही वेळा सत्तरही आसने भरली, तरी प्रवासी होतात एकशे चाळीस. म्हणजे दर प्रवाशामागे व्याजाचाच बोजा सुमारे ७,८०० रुपये! घसारा, वीज, अग्निशमन दल, सुरक्षा आणि कर्मचाऱ्यांचे वेतन यांत धरलेलेच नाही. तिकीट मात्र अडीच हजारांच्या आसपास ठेवावयाचे आणि त्यातीलही फार थोडा भाग विमानतळाच्या वाट्यास येणार.

लहान विमानतळ म्हणूनच पेढीसारखा नफ्यावर तोलता येत नाही. पूल, घाटरस्ता किंवा बंदराचा धक्का जसा समाजाच्या उपयोगासाठी असतो, तसाच तोही असतो. परंतु उपयोगासाठी बांधलेल्या वस्तूचा उपयोग झालाच पाहिजे. रिकाम्या धावपट्टीवरही व्याज आणि घसारा चालूच राहतो.

‘उडान’ योजनेचा जमाखर्च

लहान शहरांना विमानसेवा मिळावी म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ ही योजना जाहीर केली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. निवडलेल्या मार्गावर विमानातील साधारण निम्मी आसने ठरलेल्या कमाल भाड्यात द्यावयाची. सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी हे भाडे प्रारंभी अडीच हजार रुपये होते. त्यामुळे विमान कंपनीस येणारी तूट सरकार भरून देते. या रकमेत बहुतांश राज्यांसाठी केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के असतो. केंद्राच्या वाट्यासाठी मोठ्या मार्गांवरील विमानफेऱ्यांवर आकार बसवला जातो. राज्याने इंधनावरील कर नाममात्र ठेवावयाचा आणि विमानतळाने उतरण्याचे व उभे राहण्याचे शुल्क माफ करावयाचे. ही मदत तीन वर्षांसाठी असते. त्या मुदतीत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा कितपत फळाला आली, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालातून दिसते. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग बहाल झाले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग होते अवघे ५४. बहाल झालेल्या मार्गांशी हे प्रमाण जेमतेम सात टक्के पडते.

चिपीची मुंबई सेवाही याच वाटेने गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही सेवा तीन वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. दरम्यान २०२४ मध्येच एका नव्या प्रादेशिक कंपनीने बंगळूर, हैदराबाद आणि पुणे यांच्याशी चिपीला जोडणाऱ्या फेऱ्या सुरू केल्या, ही समाधानाची बाब होती. तथापि ज्या मुंबईशी या जिल्ह्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, घरटी एखादा माणूस जेथे नोकरी-धंद्यासाठी गेलेला आहे, त्या मुंबईचीच सेवा थांबावी हे लोकांच्या मनाला लागले.

यात कोणा एका कंपनीला दोष देऊन भागणार नाही. विमानात सत्तर जण असोत वा तीस, इंधन, वैमानिक आणि विमानाचे भाडे यांचा खर्च जवळजवळ तेवढाच येतो. मुंबईच्या विमानतळावर उतरण्याच्या वेळा मोजक्या आहेत. लहान विमानालाही तेथे मोठ्या विमानाइतकीच एक वेळ लागते. सत्तर प्रवाशांसाठी जी वेळ खर्च होते, तीच १८० प्रवाशांच्या विमानाला दिली तर अधिक उत्पन्न मिळते. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. तेथे लहान शहरांसाठी काही वेळा राखल्या गेल्या, तर ही अडचण बरीचशी दूर होऊ शकेल.

शेजारचे मोपा

वेंगुर्ले आणि मुरगाव यांच्या जुन्या कथेची आठवण करून देणारी घटना चिपीच्या उद्घाटनानंतर अवघ्या चौदा महिन्यांत घडली. उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथील सेवा सुरू झाली. त्याची धावपट्टी ३,५०० मीटरची आहे आणि देशातील प्रमुख शहरांची अनेक विमाने तेथे उतरतात. बांदा आणि सावंतवाडी या बाजूच्या लोकांना मोपा अगदी जवळ पडते. वेंगुर्ल्याचा माणूसही दिवसातून अनेक विमाने मिळणाऱ्या विमानतळाकडे वळला, तर त्यात नवल नाही. एक विमान चुकले तर दुसरे मिळते, ही खात्री प्रवाशाला स्वस्त तिकिटापेक्षा मोलाची वाटते.

रेल्वेचीही स्पर्धा आहेच. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव मार्गावर वंदे भारत गाडी धावू लागली. आठ डब्यांच्या या गाडीत पाचशेहून अधिक प्रवासी बसतात आणि पावसाळा वगळता ती मुंबईहून सुमारे सहा तासांत कणकवलीस पोहोचते. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ, तेथील तपासणी आणि चिपीहून पुढचा रस्ता धरला, तर विमानाने वाचणारे तास कागदावर दिसतात त्याहून कमी भरतात.

तरीही चिपीला तिची स्वतःची जागा आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा आणि कुडाळ या परिसरासाठी मोपापेक्षा चिपी जवळ आहे. गोव्याच्या गर्दीपासून दूर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांना हाच किनारा अधिक भावतो. पुणे, बंगळूर आणि हैदराबादहून येणाऱ्यांना वंदे भारतसारखी थेट सोय नाही. शेजारच्या मोठ्या दुकानाशी सर्वच मालात स्पर्धा करणे लहान दुकानाला परवडत नाही. आपले ठराविक गिऱ्हाईक ओळखून त्याला चोख सेवा देणे मात्र त्याला जमते, आणि चिपीचा मार्गही तोच असावा.

मोसम आणि हप्ता

या प्रश्नाची खरी झळ किनाऱ्यावरच्या घरांना बसते. विमानतळ होणार म्हणून अनेक वर्षे चर्चा चालू होती. त्या भरवशावर मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात कोणी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी वाढवल्या, कोणी लहानसे निवासगृह काढले, कोणी भाड्याची मोटार घेतली. त्यांतील बहुतेकांच्या मागे बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज आहे. पर्यटनाला मोसम असतो, कर्जाच्या हप्त्याला तो नसतो. तो जानेवारीतही येतो आणि जुलैतही.

कोकणचा मोसम तर फार एकांगी आहे. मेअखेरीस किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि समुद्रातील जलक्रीडा बंद होतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत बंदच राहतात. याच काळात ढग खाली उतरतात, समोरचे दिसेनासे होते आणि विमाने रद्द होण्याचे प्रमाण वाढते. चातुर्मासात घराबाहेरचा प्रवास शक्यतो टाळणारी कुटुंबेही याच महिन्यांत फिरतीला निघत नाहीत. मग गणेशोत्सव येतो आणि एकदम सर्वांनाच तिकीट हवे असते! दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी यांतही तीच धावपळ असते. चार महिने रिकामी आणि चार आठवडे तुडुंब भरलेली विमाने कोणत्याही कंपनीचा ताळेबंद सुधारू शकत नाहीत.

कोल्हापूरचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील विमानसेवाही मध्यंतरी अनेक वर्षे खंडित होती. ‘उडान’ योजनेत ती पुन्हा सुरू झाली आणि पुढे वाढली. कोल्हापुरात देवदर्शनाला येणारा यात्रेकरू आहे, पण त्याच्या जोडीला कारखानदार, साखर व्यवसायातील माणसे आणि कापडाचे व सोन्या-चांदीचे व्यापारी असा बारमाही प्रवासीही आहे. पर्यटक मोसमात येतो आणि व्यापारी कामासाठी येतो. कामाला पावसाळ्याची सुट्टी नसते.

सिंधुदुर्गातही बारमाही कामाचा पाया नाही असे नाही. काजू प्रक्रिया, आंबा, कोकम, नारळ आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी यांचा व्यापार या जिल्ह्यात आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या काजूच्या जाती राज्याबाहेरही लावल्या जातात. काजूगराचा घाऊक खरेदीदार, यंत्रे पुरवणारा व्यावसायिक, बाहेरून येणारा तज्ज्ञ डॉक्टर आणि मुंबईला उपचारासाठी जाणारा रुग्ण हे वर्षभराचे प्रवासी आहेत. विमानसेवेचे वेळापत्रक त्यांच्या कामाच्या वेळा पाहून आखले, तर पावसाळ्यातील काही आसने तरी भरतील.

वहिवाट कशी पडते

रानातली पाऊलवाट कोणी आदेश काढून पडत नाही. माणसे रोज त्याच ठिकाणावरून चालतात आणि गवत हटते. आठ दिवस चालणे थांबले की गवत पुन्हा उगवते. लहान विमानतळाच्या बाबतीत हेच घडते. एकदा विमान रद्द झाले तर प्रवासी हळहळतो, दुसऱ्यांदा रद्द झाले तर रागावतो आणि तिसऱ्या वेळी तो तिकीटच काढत नाही. विमाने रिकामी जाऊ लागली की फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की उरलेले प्रवासीही जातात. हे चक्र एकदा सुरू झाले की अडीच हजारांचे तिकीटही ते थांबवू शकत नाही.

म्हणून सरकारी मदतीचा रोख बदलणे अगत्याचे आहे. विकल्या गेलेल्या वा न गेलेल्या आसनांबरोबरच ठरल्या वेळी उडालेल्या फेऱ्यांचाही मदतीच्या हिशेबात विचार झाला पाहिजे. तीन वर्षांनी मदत एकदम तोडण्याऐवजी ती पाच-सहा वर्षांत पायरीपायरीने कमी करणे शहाणपणाचे ठरेल. व्यवसायासाठी खेळते भांडवल देणारी बँकही चांगल्या खातेदाराची मर्यादा एका दिवसात शून्यावर आणत नाही. वेळापत्रक किमान सहा महिने आधी जाहीर व्हावे, म्हणजे गणपतीला येणारा चाकरमानी आणि हिवाळ्यात येणारा पर्यटक दोघेही वेळेत बेत आखू शकतील. विमान उतरल्यावर मालवण, वेंगुर्ले आणि कुडाळ येथे जाणारी एस. टी. दाराशी उभी असावी. चार जणांच्या कुटुंबाला पुढच्या पंचवीस किलोमीटरसाठी भाड्याच्या मोटारीची विनवणी करावी लागली, तर स्वस्त तिकिटाची गोडी तेथेच संपते.

स्थानिक व्यापारी संघटनाही यात काही करू शकतात. निवासगृहांचे मालक, काजू कारखानदार आणि व्यापारी यांनी मिळून पावसाळ्याच्या महिन्यांतील काही आसने आगाऊ घेण्याची हमी दिली, तर विमान कंपनीला किमान उत्पन्नाचा भरवसा मिळेल. धान्याच्या किंवा कापडाच्या बाजारात आगाऊ मागणी नोंदवून पुरवठादाराला धीर देण्याची रीत जुनीच आहे. विमानाच्या आसनालाही ती लागू करता येईल. शेवटी त्या विमानातून उतरणारा पाहुणा त्यांच्याच दारी येणार आहे.

सिंधुदुर्गची सहल आखणाऱ्या कुटुंबांनीही एवढे ध्यानात ठेवावे. चिपीला विमान असेल तर त्याचा लाभ जरूर घ्यावा. मात्र निघण्यापूर्वी फेरीची खात्री करून घ्यावी आणि परतीच्या दिवशी महत्त्वाचे लग्नकार्य किंवा व्यवहार ठेवू नये. कणकवली अथवा कुडाळहून रेल्वेचा पर्यायही हाताशी असू द्यावा. शक्य झाल्यास गर्दीच्या मोसमाऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. त्या वेळी किनारा शांत असतो आणि यजमानाला पाहुण्यांकडे लक्ष देण्यास सवड असते. शिवाय त्या दिवसांत भरलेले एकेक आसन ही सेवा टिकण्यास थोडा हातभार लावते.

दिवाळीला वहीपूजन करताना व्यापारी नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभाक्षरे लिहितो. परंतु त्या वहीला अर्थ येतो तो पुढे वर्षभर रोज पडणाऱ्या नोंदींनी. चिपीच्या वहीत उद्घाटनाचे पहिले पान ९ ऑक्टोबर २०२१ रोजी लिहिले गेले आहे. वेंगुर्ल्याच्या बंदराची वाट जशी एकदा बदलली तशी या विमानतळाची बदलू द्यावयाची नसेल, तर पुढच्या प्रत्येक पानावर रोजची नोंद पडली पाहिजे.